फलक कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या डोक्यावर



स्मृतिव्याख्यान म्हटले की साहित्य, इतिहास, अध्यात्म असा भारदस्त विषय अपेक्षित असतो. मी दुकानांच्या पाट्या आणि रस्त्याकडेचे जाहिरात फलक हा विषय घेतला आहे. संयोजकांनी तो मान्य केला याबद्दल त्यांचे आभार. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांना गावाच्या कामाची आच होती. फलकांचे नियमन हे गावाचेच काम आहे आणि ते वेळेवर झाले नाही की काय होते, हे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने तीनदा पाहिले आहे.

१३ मे २०२४ या दिवशी दुपार कलताना मुंबईत धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरच्या छेडानगरात पूर्व द्रुतगती महामार्गालगतचा एक अजस्र जाहिरात फलक शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळला. पंपावर गाड्यांची गर्दी होती. १७ माणसे गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. जागा पेट्रोल पंपाची, त्यामुळे लोखंड कापायला गॅस कटर लावतानाही बचाव पथकांना आगीची धास्ती होती. शेवटचे मृतदेह निघेपर्यंत दोन दिवस गेले. तो फलक १२० फूट रुंद आणि १२० फूट उंच होता. मुंबई महापालिका ४० फूट बाय ४० फुटांपेक्षा मोठ्या फलकाला परवानगी देत नाही. म्हणजे क्षेत्रफळ मर्यादेच्या नऊपट. हा फलक नीट दिसावा म्हणून आसपासची झाडे विष घालून मारल्याची तक्रारही दुर्घटनेच्या आधीच झाली होती.

नऊपट हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या दिवसापासून सुरू झालेली चर्चा. महापालिका म्हणाली, आमची परवानगीच घेतलेली नव्हती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. परवानगी त्यांच्या कार्यालयातून गेलेली. ही जागा आमच्या हद्दीत येत नाही, ती त्यांची आहे, त्यांच्या जागेवर आमचा कायदा चालत नाही, अशा वाक्यांची देवाणघेवाण माणसे ढिगाऱ्याखाली असतानाच सुरू झाली. पुढे राज्य शासनाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पण शहरातल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा असलेला फलक कोणाच्या अखत्यारीत येतो, हे तो पडेपर्यंत ठरलेले नव्हते, ही गोष्ट कोणत्याही अहवालाविना स्पष्ट आहे.

त्याआधी ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुना बाजार चौकात हेच घडले. ती जमीन रेल्वेची. फलकाचा सांगाडा काढण्याचे काम चालू होते. वरून खाली उतरवत आणायच्या सांगाड्याला कामगारांनी बुडाशी कापले. भरदुपारी, चौकात सिग्नलला वाहने थांबलेली असताना सांगाडा रिक्षांवर आणि दुचाकींवर आला. चार जण दगावले. लक्षात घ्या, तिथे वादळही नव्हते. मग १७ एप्रिल २०२३. पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याजवळ अवकाळी पाऊस आला, सेवा रस्त्यावरची माणसे एका पंक्चरच्या दुकानापाशी आडोशाला थांबली आणि वरचा अनधिकृत फलक त्यांच्यावर पडला. पाच मृत्यू, त्यात चार बाया. आडोसा म्हणून ज्याच्याखाली थांबले तेच अंगावर आले.

या तीनपैकी दोन जागी जमीन स्थानिक स्वराज्य संस्थेच्या थेट हाताखालची नव्हती. आज मला इथे, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत, जे सांगायचे आहे ते यातूनच निघते. जाहिरात फलकाचा प्रश्न आपण जमिनीच्या मालकीचा प्रश्न म्हणून सोडवू पाहतो. जमीन माझी, म्हणून फलक मी लावणार. जमीन त्या खात्याची, म्हणून परवानगी त्या खात्याची. पण फलक पडतो तेव्हा सातबारा पाहून पडत नाही. तो रस्त्यावर पडतो, आणि रस्त्यावर गावाची माणसे असतात. म्हणून परवानगीचा अधिकार त्या माणसांसाठी जबाबदार असलेल्या संस्थेकडे हवा, जमीन कोणाचीही असो.

आता आपल्या गावाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तिरोडी वाढली ती मॅंगनीजवर आणि रेल्वेवर. १८९६ मध्ये मध्य प्रांतात मॅंगनीजचा शोध घेणारी ब्रिटिश कंपनी उभी राहिली, १९६२ मध्ये तिच्या जागी आज आपण जिला मॉइल म्हणतो ती कंपनी आली, मुख्यालय नागपूरला, खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांत. खनिज वाहून न्यायला तुमसरहून आलेली रेल्वे कितीतरी वर्षे इथे संपत होती. आता ती पुढे कटंगीला आणि बालाघाटला जोडली गेली आहे. या साऱ्या इतिहासाचा एक परिणाम असा की आपल्या गावात चालत निघालेला माणूस थोड्याच वेळात चार-पाच मालकांच्या हद्दी ओलांडतो. खाणीचा पट्टा आणि वसाहत कंपनीची. स्टेशन, रूळ आणि त्यालगतची पट्टी रेल्वेची. मोठा रस्ता लोकनिर्माण विभागाचा. बाहेर पडले की वनविभाग. मधली आबादी आणि बाजार तेवढा ग्रामपंचायतीचा, आणि त्यातही घराघराची खासगी मालकी. घाटकोपरला दोन खात्यांत गोंधळ झाला. आपल्याकडे पाच आहेत.

दुसरी अडचण कायद्याची. जनगणना ज्या वस्तीला शहर म्हणते तिचे निकष तीन आहेत : लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. या निकषांवर तिरोडीची नोंद शहरात होते. तहसीलही आता इथे आहे. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. मध्य प्रदेशात बाहेरच्या जाहिरातींसाठी २०१७ साली स्वतंत्र नियम झाले, आउटडोर विज्ञापन मीडिया नियम या नावाने. ते नगरपालिका, महानगरपालिका अशा नागरी संस्थांसाठी आहेत. म्हणजे जाहिरात लावणाऱ्याच्या दृष्टीने तिरोडी शहर आहे, कारण इथे बाजार आहे, पगारदार गिऱ्हाईक आहे, तहसीलला येणारी खेड्यापाड्यांतली माणसे आहेत. आणि जाहिरातीच्या नियमांच्या दृष्टीने तिरोडी खेडे आहे.

मग गावात काय लागू आहे? मध्य प्रदेश संपत्ती विरूपण निवारण अधिनियम, १९९४. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणाच्या भिंतीवर शाईने, खडूने, रंगाने लिहिले तर १,००० रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्राचा असाच कायदा १९९५ चा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड. पण हे कायदे भिंत खराब होऊ नये यासाठी आहेत. लोखंडी खांबावर उभा केलेला वीस फुटी फलक किती खोल गाडला, कोणी गाडला, त्याची तपासणी कोण करणार, हे त्यांत नाही. संविधानाची अकरावी अनुसूची पाहिली तर पंचायतींसाठी २९ विषय दिलेले आहेत. रस्ते आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, जाहिरातीचे नाव नाही. मात्र मध्य प्रदेशच्या १९९३ च्या पंचायत कायद्यात सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे, आणि शासनाच्या चौकटीत राहून उपविधी करण्याची सोयही आहे. दार उघडे आहे. आपण आत गेलेलो नाही.

थोडे वाऱ्याविषयी बोलू, कारण फलकाच्या चर्चेत सगळ्यात कमी बोलले जाते ते वाऱ्याविषयी. घाटकोपरच्या फलकाची तपासणी मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेने केली. तिचे म्हणणे असे की पाया अपुरा होता. तो सांगाडा ताशी ४९ किलोमीटर वेगाचा वारा झेलू शकत होता, त्या दिवशी वारा होता ताशी ८७, आणि तो बांधायला हवा होता ताशी १५८ किलोमीटरच्या हिशेबाने. हा १५८ कुठून आला? भारतीय मानक ८७५, भाग तीन, यात देशाच्या कोणत्या भागात बांधकाम करताना किती वेगाचा वारा धरायचा हे दिले आहे. मुंबईला सेकंदाला ४४ मीटर. ताशी धरले तर तेच १५८ किलोमीटर. आणि त्याच मानकात नागपूरलाही ४४ मीटरच दिले आहेत. समुद्राकाठच्या मुंबईइतकाच जोर आपल्या मोठ्या शेजाऱ्यासाठी धरलेला आहे. नवतपा तापला की संध्याकाळी येणारे वावधन ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. कवेलू उडतात, धानाच्या पुंजण्यावरचे झाकण सापडत नाही, आंब्याच्या फांद्या रस्त्यावर येतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्यामुळे ताशी ४९ आणि ताशी ८७ यांतला फरक वेगात पावणेदोन पटीचा दिसतो, दाबात तो तिपटीहून अधिक असतो. सेकंदाला ४४ मीटर वाऱ्याचा ढोबळ दाब एका चौरस फुटाला ११ किलो येतो. बाजारात नेहमी दिसतो तो १० बाय २० फुटांचा फलक घ्या : २०० चौरस फूट, म्हणजे २,२०० किलो. हे वजन वरून खाली बसत नाही, ते आडवे ढकलते, आणि ते सगळे पेलायचे असते खालच्या काँक्रीटने आणि चार-सहा बोल्टांनी. आपल्याकडे हे काम गावातला वेल्डर करतो. त्याच्या हाताला दोष देण्याचे कारण नाही. तो अँगल नीट कापतो, जोड पक्का मारतो. पण खड्डा किती खोल, काँक्रीट किती, तळाची पट्टी किती जाड, हे त्याला कोणी कागदावर काढून दिलेलेच नसते. गिऱ्हाईक रुंदी-उंची सांगते आणि उद्या लावून दे म्हणते. फ्लेक्सला मधे मधे अर्धगोल काप देतात, वारा पार व्हावा म्हणून. त्याने फडफड थोडी कमी होत असेल, दोन टनांचा हिशेब बदलत नाही.

अशा फलकाखाली उभे राहून एकदा वर न पाहता खाली पाहावे. खांब जमिनीत शिरतो तिथे पाणी साचते, माती ओली राहते, आणि तिथेच रंग पहिल्यांदा सुटतो. बोटाने खरवडले की गंजाचे पापुद्रे येतात. वरचा फ्लेक्स दर महिन्याला नवा होतो, खालचा बोल्ट बसवल्या दिवसापासून तोच असतो. माझी पंचायतीला पहिली सूचना आहे ती एवढीच, की दर वर्षी मे महिना लागण्याआधी गावातल्या प्रत्येक उभ्या फलकाचा बुंधा कोणीतरी पाहून त्याची नोंद ठेवावी. जनपद पंचायतीचे उपयंत्री हे काम करू शकतात.

आता दुकानदारांच्या बाजूने बोलतो, कारण फलकांचे नियमन म्हटले की पहिला धाक त्यांनाच बसतो. तो धाक खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली टाटा प्रेस खटल्यात व्यापारी जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे आणि तिला संविधानाचे संरक्षण आहे असे ठरवले. किराणा, सायकल दुरुस्ती, दवाखाना, कापडाचे दुकान, पानठेला यांची पाटी ही त्यांच्या पोटापाण्याची गोष्ट आहे. दुकानावर स्वतःचे नाव लावायला कोणापुढे अर्ज घेऊन उभे राहावे लागू नये. जिथे प्रत्येक लहान गोष्टीला परवानगी लागते तिथे परवानगीचा बाजार सुरू होतो आणि त्यात लहान माणूसच भरडला जातो. मोठ्या जाहिरातदाराला त्याचे काही वाटत नाही, तो ती रक्कम खर्चात धरून चालतो.

यावर इंग्लंडने काढलेला तोडगा मला पटतो. तिथल्या २००७ च्या नियमांत दुकानाची साधी पाटी अर्जाशिवाय लावता येते. अक्षरे पाऊण मीटरपेक्षा उंच नसावीत, पाटी जमिनीपासून ४.६ मीटरच्या वर जाऊ नये, अशा काही मोजता येण्याजोग्या अटी पाळल्या की झाले. मोजपट्टी लावली की दुकानदारालाही कळते आणि तपासणाऱ्यालाही. आणखी एक गोष्ट : तिथली स्थानिक संस्था फलकाचा विचार दोनच अंगांनी करते, परिसराला तो शोभतो का आणि लोकांच्या सुरक्षिततेला धोका आहे का. मजकूर काय आहे यात तिने पडायचे नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलोने याहून कडक पाऊल उचलले. २००६ मध्ये कायदा करून २००७ च्या पहिल्या दिवसापासून शहरातले सगळे भाड्याचे जाहिरात फलक बंद केले आणि दुकानाच्या पाटीला दर्शनी भिंतीच्या लांबीप्रमाणे माप घालून दिले. दहा मीटरपेक्षा कमी लांबीच्या दुकानाला दीड चौरस मीटर, म्हणजे साधारण सोळा चौरस फूट. सुरुवातीला व्यापाऱ्यांनी आणि जाहिरात कंपन्यांनी विरोध केला, तरी शहराने कायदा मागे घेतला नाही. तिरोडीला इतके कडक व्हायची गरज मला वाटत नाही. पण दुकानाची स्वतःची पाटी वेगळी आणि दुसऱ्याच्या मालाचा भाड्याने लावलेला फलक वेगळा, हा त्यांनी केलेला भेद आपण जसाच्या तसा घ्यावा. पाटी हा हक्क आहे. भाड्याचा फलक हा धंदा आहे, आणि तो धंदा गावाच्या सार्वजनिक जागेवर आणि गावाच्या डोळ्यांवर चालतो.

मराठी मंडळींपुढे पाट्यांवर बोलायचे आणि भाषेचा विषय टाळायचा, हे बरे नाही. महाराष्ट्राने २०२२ च्या दुरुस्तीने लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली, मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत ही अट घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. कर्नाटकाने २०२४ मध्ये पाटीवर साठ टक्के कन्नडचा कायदा केला, आणि बेळगावच्या मराठी दुकानदाराला त्याचा अर्थ काय ते सांगावे लागत नाही. बावनथडी नदीच्या अलीकडे आपली स्थिती निराळी आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, पोवारी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. पण लिपी एकच असल्यामुळे आपल्या बाजारातली पाटी दोन्ही भाषांच्या माणसाला वाचता येते. हे मोठे भाग्य आहे. माझे मत असे की पंचायतीने फलकाचे माप, जागा आणि मजबुती पाहावी, भाषेची सक्ती कोणावरही करू नये. मराठी दुकानदाराने मात्र आपल्या पाटीवर आपली भाषा आपण होऊन लिहावी. त्याला कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता फ्लेक्स. वाढदिवस, निवड, नेमणूक, श्रद्धांजली, स्वागत, सगळ्याला फ्लेक्स. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ साली मुंबई उच्च न्यायालयात याविरुद्ध जनहित याचिका केली आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने बेकायदा फलक काढण्याविषयी सविस्तर आदेश दिले. तरी त्यानंतरही न्यायालयाला पुन्हा पुन्हा पालिकांना विचारावे लागते आहे. यामागे असमर्थता आहे असे मला वाटत नाही. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहितेप्रमाणे शासकीय इमारतींवरचे राजकीय फलक २४ तासांत, इतर सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी जागांवरचे ७२ तासांत उतरतात. तेच पंचायत सचिव, तेच पटवारी, तोच ट्रॅक्टर. विधानसभा, लोकसभा, पंचायत अशा प्रत्येक वेळी हे काम होते. म्हणजे यंत्रणा आहे, माणसे आहेत, सवयही आहे. निवडणुकीच्या काळात उमेदवारांना समान संधी मिळावी म्हणून जे तीन दिवसांत करता येते, ते एरवी शाळेतून घरी जाणाऱ्या मुलांसाठीही करता आले पाहिजे.

उतरवलेल्या फ्लेक्सचे काय होते हेही पाहावे. तो गळक्या छपरावर जातो, पुंजण्यावर जातो, ठेल्याच्या मागच्या बाजूला ताणून बांधला जातो. तिथे तो उपयोगी पडतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेवटी तो जाळला जातो. हा पीव्हीसी आहे; जळताना त्यातून आम्लाचा वायू निघतो आणि डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात. केरळने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली. कापडाचा फलक आणि पत्र्यावर रंगवलेली पाटी हे पर्याय आपल्याकडे होतेच. पत्र्याला पांढरा हात देऊन, सुताने ओळी आखून, एनॅमल रंगाने अक्षर काढणारे पेंटर या भागात आजही आहेत. त्यांचे काम वर्षानुवर्षे टिकते. पंचायतीने निदान स्वतःचे, शाळेचे आणि अंगणवाडीचे फलक त्यांच्याकडून करून घ्यावेत.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जाहिरात कराची नोंद काढून टाकली. तेव्हापासून जाहिरातीवर स्थानिक कर लावता येत नाही. स्वतःच्या जागेचे भाडे आणि परवाना देण्याच्या कामाचे शुल्क घेता येते, तेही रीतसर ठराव करून. तेव्हा फलकांतून पंचायतीची तिजोरी भरेल या आशेने कोणी या विषयाकडे पाहू नये. भाड्याच्या लोभाने वाढलेल्या फलकांचे उदाहरण घाटकोपरने दिलेले आहे.

मग उपविधीत काय असावे? दुकानाच्या दर्शनी भिंतीला चिकटून, दुकानाच्या रुंदीत बसणारी, तीन फुटांपर्यंत उंचीची स्वतःच्या नावाची पाटी : अर्ज नको, शुल्क नको. स्वतंत्र खांबांवर, गच्चीवर किंवा छपरावर उभा राहणारा कोणताही फलक : लेखी परवानगी आणि अभियंत्याचा दाखला, खोली आणि पाया कागदावर काढून. प्रत्येक फलकाच्या खालच्या कोपऱ्यात लावणाऱ्याचे नाव, परवानगी क्रमांक आणि मुदत, रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरात. रेल्वे फाटक, शाळा, दवाखाना आणि रस्त्याचे वळण यांच्याजवळ भाड्याचा फलक नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिल्लीसाठी असाच आदेश दिला होता, वाहतुकीला धोकादायक ठरणारे फलक काढण्याचा. आणि आपल्या गावासाठी एक खास अट : खाणीच्या हद्दीवर सुरुंगाची वेळ आणि धोक्याची सूचना देणारे फलक असतात, त्यांच्या समोर, वर किंवा शेजारी दुसरे काहीही लागता कामा नये. बाहेरगावचा माणूस, बकऱ्या चारणारी पोरे, सायकलवरून जाणारी माणसे, सगळ्यांचा जीव त्या एका पाटीवर अवलंबून असतो. गावातल्या सगळ्या जाहिराती एका बाजूला आणि ती पाटी एका बाजूला ठेवली, तर मी त्या पाटीच्या बाजूने उभा राहीन.

कोणी विचारेल, रेल्वेला आणि कंपनीला ग्रामपंचायत काय सांगणार? आदेश देऊ शकत नाही हे खरे. पण ठराव पाठवू शकते, लेखी उत्तर मागू शकते, आणि उत्तर आले नाही तर ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊ शकते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि धोका टाळण्यासाठी त्यांचा अधिकार सगळ्या खात्यांपर्यंत पोचतो. घाटकोपरनंतर मुंबई महापालिकेने रेल्वेला मोठे फलक काढण्याची नोटीस दिली ती याच कायद्याखाली. जे मुंबईने १७ मृत्यूंनंतर वापरले ते बालाघाटला एकाही मृत्यूआधी वापरता येईल. तिरोडीत आज अजस्र फलक नाहीत. नियम करायला हीच वेळ योग्य आहे, कारण आज नियम केला तर कोणाचे काही पाडावे लागणार नाही, कोणाच्या गुंतवणुकीवर गदा येणार नाही, कोणी कोर्टात जाणार नाही.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा ठरलेल्या तारखांना भरते : २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून सचिवांकडे आधी लेखी अर्ज दिलेला बरा. अर्जाला दोन वाक्ये पुरतील : गावातल्या सर्व उभ्या फलकांची नोंद आणि तपासणी करावी, फलकांसाठी उपविधीचा मसुदा पुढच्या ग्रामसभेपुढे ठेवावा. व्यापारी मंडळी, शिक्षक, खाणीतले कामगार आणि महिला बचत गट यांच्या सह्या त्यावर एकत्र असाव्यात. तो अर्ज या आठवड्यात लिहा, अशी माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे.